मदत हवी आहे: जुना झोंबीपट पब्लिक डोमेनमध्ये आहे की नाही?

कृष्णधवल: तो प्रसिद्ध झोंबीपट पब्लिक डोमेनमध्ये, म्हणजे कॉपीराइटपासून मुक्त आहे असे सर्वत्र वाचल्यामुळे मी त्याला मराठी उपशीर्षके जोडून तो एका व्हिडिओ संकेतस्थळावर चढवला, परंतु लगेच कॉपीराइटचा दावा आला आणि चित्रफीत अडवली गेली. हरकत नोंदवण्याची मुदत संपत आली आहे. मला कायद्याचा इतिहास नको, चित्रपट मुक्त आहे की नाही एवढेच कृपया सांगा.

रीळसंग्रह: कोणता चित्रपट, कोणत्या देशातला आणि कोणत्या वर्षीचा? 1964 पूर्वी प्रकाशित झालेल्या अमेरिकी चित्रपटाच्या कॉपीराइटचे 28 व्या वर्षी नूतनीकरण करावे लागत असे आणि ते राहून गेले असल्यास चित्रपट मुक्त होई. 1964 ते 1977 या काळातील चित्रपटांना मात्र 1992 च्या कायद्याने हे नूतनीकरण आपोआप मिळाले. त्यामुळे वर्षाशिवाय उत्तर देणे शक्य नाही.

जुनी_पाने: आपल्याला मुक्त भयपटच हवा असेल, तर 1922 चा ‘नोस्फेरातू’ घ्यावा. अमेरिकेत तो निःसंशय मुक्त आहे आणि मूकपट असल्याने उपशीर्षकांचे कामही थोडे आहे.

कृष्णधवल: मला दुसरा चित्रपट नको आहे. मी ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’विषयी विचारत आहे, अमेरिकी, 1968. नाव सांगायची गरज पडेल असे वाटले नव्हते.

रीळसंग्रह: मग नूतनीकरणाचा मुद्दा निकाली निघाला, कारण येथे प्रश्न कॉपीराइटच्या सूचनेचा आहे. तेव्हा लागू असलेल्या 1909 च्या कायद्यानुसार प्रकाशित प्रतीवर ही सूचना, म्हणजे हक्क कोणाचा आहे हे सांगणारी ओळ, असणे आवश्यक होते. या चित्रपटाचे आधीचे नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’ होते आणि सूचना त्या नावाच्या पाटीवरच होती. वितरकाने नाव बदलून नवी पाटी लावली, तेव्हा जुन्या पाटीबरोबर सूचनाही गेली, आणि त्याच प्रती चित्रपटगृहांत पोहोचल्या. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतः पैसे उभे करून केलेल्या या कामावरचा हक्क असा एका पाटीपायी गेला, याचे मला फार वाईट वाटते.

मुक्तस्रोत: म्हणजे उत्तर ‘हो’ असे आहे. इंटरनेट आर्काइव्ह या मोफत संग्रहाच्या संकेतस्थळावर त्याच्या कितीतरी प्रती आहेत. आपण निर्धास्तपणे हरकत नोंदवा, दावा करणारे माघार घेतील.

कलम_वाचक: हा सल्ला घाईचा आहे. एखादी चित्रफीत आर्काइव्हवर असणे हा मुक्ततेचा पुरावा होत नाही, कारण तेथे कोणीही काहीही चढवू शकतो. अमेरिकेबाहेरच्या अनेक चित्रपटांचा अमेरिकेतील गेलेला हक्क 1 जानेवारी 1996 पासून पुन्हा प्रस्थापित झाला, तरीही ते ‘मुक्त’ म्हणून सर्रास फिरत असतात.

मुक्तस्रोत: हा चित्रपट अमेरिकीच आहे, त्यामुळे 1996 चा संदर्भ येथे लागू पडत नाही.

कलम_वाचक: मान्य आहे; माझा आक्षेप आपण दिलेल्या पुराव्याला आहे, निष्कर्षाला नाही. मूळ चित्रपट मुक्त असला, तरी प्रश्नकर्त्याने चढवलेली प्रत मुक्त आहे हे अद्याप कोणी तपासलेले नाही. ती प्रत कोठून घेतली? रंगीत केलेली आहे का? रंगभरणीत पुरेशी नवनिर्मिती असल्यास तिची स्वतंत्र नोंदणी होऊ शकते, असा निर्णय अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने 1987 मध्ये दिलेला आहे.

जुनी_पाने: पुन्हा स्वच्छ केलेल्या प्रतींनाही कॉपीराइट असतो. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाच्या सहभागाने झालेली नवी प्रत पाहा. ती घेतली असेल तर दावा येणारच.

रीळसंग्रह: याच्याशी मी सहमत नाही. ओरखडे काढण्यात कष्ट आणि खर्च कितीही असला, तरी कॉपीराइटला नवनिर्मिती लागते. मुक्त चित्रांच्या हुबेहूब छायाचित्रांना कॉपीराइट मिळत नाही, असे न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयाने 1999 मध्ये सांगितले आहे. ते प्रकरण चित्रपटाचे नव्हते, हे खरे. परंतु तत्त्व तेच आहे.

कृष्णधवल: कृपया वाद थांबवा. माझी प्रत कृष्णधवलच आहे. ती मी एका डिस्कवरून घेतली. वेष्टनावर तिसाव्या वर्धापनदिनाची आवृत्ती असे लिहिले आहे. त्याने काही फरक पडतो का?

कलम_वाचक: सगळा फरक त्यानेच पडतो. त्या आवृत्तीसाठी सहलेखक जॉन रुसो यांनी नवी दृश्ये चित्रित करून जोडली आणि पार्श्वसंगीतही नव्याने करून घेतले. ही भर नव्वदच्या दशकातील आहे आणि 1 मार्च 1989 नंतर प्रकाशित झालेल्या कामाला सूचनेची अटच उरलेली नाही, म्हणून त्या भागांवर कॉपीराइट पूर्णपणे अबाधित आहे. दाव्यात नेमका कोणता भाग दाखवला आहे, ते पाहून सांगावे.

कृष्णधवल: दावा ध्वनीवर आहे. सुरुवातीच्या काही मिनिटांतील संगीत दाखवले आहे.

रीळसंग्रह: मग हरकत नोंदवू नका. चित्रपट मुक्त असल्याचे कितीही सिद्ध केले, तरी त्या संगीताचा हक्क त्याने नाहीसा होत नाही. ही चित्रफीत काढून 1968 च्या आवृत्तीची प्रत घ्या.

मुक्तस्रोत: माझा आधीचा सल्ला मूळ आवृत्तीपुरताच धरावा. आर्काइव्हवरून प्रत घेताना नावाची पाटी आणि शेवटची श्रेयनामावली तपासावी. नव्या संगीतकाराचे नाव किंवा नव्या वर्षाची सूचना दिसली, तर ती प्रत सोडून द्यावी.

कलम_वाचक: आणखी एक शक्यता ध्यानात ठेवावी. मूळ चित्रपटातील संगीत कॅपिटल या ध्वनिमुद्रण कंपनीच्या तयार ध्वनिसंग्रहातून घेतलेले होते, त्यामुळे त्या ध्वनिमुद्रणांवर वेगळा दावा येऊ शकतो. तसा आला, तर मूळ प्रतीचा आणि हरवलेल्या सूचनेचा तपशील देऊन हरकत नोंदवण्यास आपल्याकडे काही आधार तरी असेल, पण ती मान्य होईलच असे नाही. आज तो नाही.

कृष्णधवल: चित्रफीत काढतो. मूळ प्रतीला माझी उपशीर्षके तशीच जुळतील का?

रीळसंग्रह: जुळणार नाहीत. दृश्ये वाढल्यामुळे आणि काही गाळल्यामुळे वेळा सरकल्या आहेत, तेव्हा प्रत्येक बदललेल्या जागेपासून पुढच्या वेळा नव्याने बसवाव्या लागतील. नव्या दृश्यांतील संवादांची उपशीर्षके आधी वगळा, म्हणजे उरलेले काम सोपे होईल.