बाबांची हिशेबाची वही

'आम्ही काटकसर केली म्हणून घर झालं, हल्लीच्या पोरांना कॉफी हवी, कष्ट नकोत' हे वाचलं आणि आमचे बाबाच आठवले. त्यांचंही हेच पालुपद. त्यांनी कष्ट केले, वाद नाही. डोंबिवलीहून फोर्टला तीस वर्षं लोकलला लटकणं खायचं काम नाही.

पण परवा माळ्यावर त्यांची जुनी वही सापडली. १९८८, वन रूम किचन, ९५ हजार. पगार १,९००. म्हणजे ५० महिन्यांचा. आज त्याच गल्लीत तेवढीच जागा ३५ लाख आणि भाच्याच्या हातात येतात २८ हजार. १२५ महिने! कॉफी सोडून किती वाचणार?

शिवाय तेव्हा पीपीएफला, म्हणजे सरकारी बचत योजनेला, १२ टक्के व्याज मिळायचं, सहा वर्षांत दुप्पट. २०२० च्या एप्रिलपासून ७.१ वर अडकलंय. (कर्जाचं व्याजही तेव्हा चढं होतं, हे मान्य.) आणि बाबांना पेन्शन आहे, राज्य सरकारात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्या बहुतेकांना ती जुनी पेन्शन नाही. वर २०२३ मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी आठवड्याला ७० तास काम करा म्हणून सांगितलं, तेव्हा भाचा भडकला नसता तरच नवल.

पण त्याचंही सगळंच पटत नाही. 'तुम्हाला सगळं आयतं मिळालं' म्हणतो. मग त्याला तीच वही दाखवली. घराचा हप्ता सुरू झाला त्या महिन्यात आईच्या अक्षरात एक ओळ आहे: 'दूध उद्यापासून अर्धा लिटर.'