कवटीचं पोस्टर लावून तरुण मुलं एचआयव्ही तपासणीला येतात का?

उंबरठा :
आमच्या महाविद्यालयात एड्स दिनाला दरवर्षी तेच. कवटीचं चित्र, खाली "एक चूक, आयुष्य संपलं". (हा दिवस 1988 पासून पाळतात, पोस्टर बहुधा तेव्हाचंच असावं.)

ज्याच्या मनात शंका आहे तो हे वाचून तपासणीपासून लांबच पळणार. आयुष्य संपलं हे ऐकायला कोण रांगेत उभं राहील? त्यापेक्षा दोन गोष्टी मुलांना पाठ हव्यात. कंडोम फाटला किंवा वापरलाच नाही, तर 72 तासांच्या आत पेपची, म्हणजे धोका घडून गेल्यावर लागण रोखण्यासाठी घ्यायची, औषधं सुरू करता येतात. जितकी लवकर तितकी बरी, आणि 28 दिवस. दुसरं म्हणजे, एआरटी (एचआयव्ही दाबून ठेवणारी औषधं) नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून तो जोडीदाराला लागत नाही.

जुना खोडरबर :
अजिबात पटलं नाही. 1996 च्या सुमारास एकत्रित औषधं आली, त्याआधीची मरणं आमच्या पिढीने पाहिलीत. भीती होती म्हणून कंडोम खिशात आला. आता "गोळी आहे ना" म्हणून तोही जाईल. प्रेपची, म्हणजे लागण होऊ नये म्हणून आधीच घ्यायची, गोळी एचआयव्ही रोखते. सिफिलिस, गनोरिया रोखत नाही. आणि लागण झाल्यावर औषध जन्मभर, हे तुम्ही लोक हळूच सांगता.

उंबरठा :
हळूच कशाला? रोज गोळी, जन्मभर. पण "लागत नाही" ही माझ्या मनाची गोष्ट नाही. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पार्टनर अभ्यासात 782 समलिंगी जोडपी होती. एकाला एचआयव्ही, उपचार चालू, विषाणू दबलेला, कंडोम नाही. जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही.

मधली खिडकी :
मी तपासणी केंद्रात समुपदेशन करते. तुम्ही दोघंही पोस्टरवर भांडताय, माझ्यासमोरची मुलं भलतीकडेच अडकलेली असतात. एकजण संबंधानंतर तिसऱ्या दिवशी तपासणी करून "निगेटिव्ह" म्हणत नाचत निघाला होता. त्याला परत बसवलं. इतक्या लवकर चाचणीत काही दिसत नाही. प्रयोगशाळेतल्या नव्या चाचणीलाही 45 दिवस द्यावे लागतात, काही झटपट चाचण्यांना 90. पेपची वेळ मात्र अजून हातात होती, तेवढं नशीब. दुसरा नऊ दिवस नुसता लाजत घरी बसला. त्याच्यासाठी 72 तास कधीच उलटून गेले होते. त्याला कवटीने अडवलं की लोक काय म्हणतील याने, मला अजून ठरवता येत नाही.

रोज साडेनऊ :
रात्री साडेनऊची गोळी, सहा वर्षं झाली. नोकरी करतो, डोंगर चढतो. खोडरबरजी, तुमची भीती आजाराची असेल, पण त्या कवटीत लोकांना मी दिसतो. माझ्या खोलीतल्या मित्राने पेला वेगळा ठेवला होता. पेल्यातून हे पसरत नाही, हे त्याला कोणत्या पोस्टरने सांगितलं?

जुना खोडरबर :
पेल्याचं वाचून वाईट वाटलं. ठीक, कवटी काढा. पण "कंडोम" हा शब्द गोळीपेक्षा मोठ्या अक्षरात हवा. तिथून मी हटणार नाही.

उंबरठा :
मोठ्या अक्षरात लिहितो. मंजुरीसाठी प्राचार्यांकडे न्यायला मात्र तुम्ही या.