मदत हवी आहे: आईंना खरं सांगायचं की नाही?

नमस्कार. जरा सविस्तर लिहितेय, सांभाळून घ्या.

सासूबाईंना (आम्ही आईच म्हणतो) पित्ताशयाचा कॅन्सर आहे, यकृतात पसरलाय. परळला टाटामध्ये केमो झाली. आता अंगाला झेपणार नाही म्हणून डॉक्टरांनी ती थांबवली. दर चार तासांनी मॉर्फिन असतं, त्याने दुखणं बरंच आटोक्यात आहे. आम्ही भांडुपला राहतो, वन बीएचके. हॉलमध्ये आईंचा पलंग, खाली गादी टाकून बाबा. आतल्या खोलीत आम्ही दोघं आणि सातवीतली मुलगी.

करण्याचा कंटाळा नाही. कूस बदलणं, पेज भरवणं, डायपर, सगळं अंगवळणी पडलंय. नणंदबाई शनिवार-रविवार येतात, शेजारच्या काकू दुपारी बसतात. जीव जातोय तो नाटक करण्यात. बाबांनी आणि मोठ्या दिरांनी घरात सक्त ताकीद दिलीय, आईला काही कळता कामा नये, ती हाय खाईल. त्यामुळे त्यांना सांगितलंय की अशक्तपणा आहे, तो गेला की पुढची केमो. फाईल माझ्या कपाटात साड्यांखाली. डॉक्टरांचा फोन आला की मी जिन्यात जाऊन बोलते. मुलीला सांगितलंय की आजीसमोर रडायचं नाही, तर ती आता आजीजवळ बसायलाच नको म्हणते.

आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या, आयुष्यभर पोरांचे चेहरे वाचलेत त्यांनी. परवा अंग पुसताना मला म्हणाल्या, "नथ नातीला आणि पाटल्या नणंदेला. लिहून ठेव, नंतर वाद नकोत." मी म्हटलं, अहो आई, बऱ्या होताय तुम्ही. त्यावर त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग भिंतीकडे तोंड करून पडल्या. तेव्हापासून माझ्याशी बोलणं कमी केलंय.

हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो चिडला. रात्र रात्र जागा असतो, बँकेत कामात चुका होतायत, पण विषय काढला की उठून गॅलरीत जातो. बाबा दिवसभर जपमाळ घेऊन बसतात, जेवण निम्म्यावर आलंय. एकाच घरात सगळे एकमेकांपासून लपून रडतोय.

माझा प्रश्न: बाबांना न दुखावता हे कसं सोडवायचं? सुनेने तोंड उघडावं का? आणि नवऱ्याला कोणाशी तरी बोलायला कसं तयार करू? "देवावर सोडा" असं कृपया लिहू नका, ते रोज ऐकतेय.

प्रतिसाद: सदाफुली

ताई, मी परिचारिका आहे, घरी जाऊन पॅलिएटिव्ह सेवा (आजार बरा होणार नसला तरी पेशंटचा त्रास कमी करणारी) देणाऱ्या टीममध्ये काम करते. तुम्ही लिहिलंय तसंच चित्र मला घरोघरी दिसतं. नथीचं बोलणं म्हणजे आई स्वतःच दार उघडतायत. पुन्हा असं काही बोलल्या तर "बऱ्या व्हाल" म्हणू नका. हातातलं काम ठेवून नुसतं विचारा, "आई, तुम्हाला काय वाटतंय? कसली काळजी आहे?" आणि त्या बोलतील तेवढंच ऐका. बातमी द्यायचं ओझं तुमच्यावर नाही.

ते काम डॉक्टरांचं. टाटामध्ये पॅलिएटिव्ह मेडिसिनचा वेगळा विभाग आहे. तिथे सांगा की घरच्यांची एकत्र बैठक हवी, बाबा आणि दीर दोघंही असू देत. आम्ही पेशंटला आधी विचारतो की तुम्हाला आजाराबद्दल किती माहीत आहे, आणखी जाणून घ्यायचं आहे का. नको म्हणाल्या तर तोही मान ठेवतो. हे बाबांना सांगा, त्यांची निम्मी भीती जाईल. "हाय खाईल" म्हणणाऱ्यांना खरं तर स्वतःलाच ते ऐकवत नसतं. बाबांशी वाद नको, त्यांना आधी रडू द्या.

मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो, पोट साफ होण्याचं औषध सोबत सुरू आहे ना, बघा. पोट फुगलं की माणूस चिडचिडा होतो आणि घर समजतं की तो खचला. तुम्हाला थोडी उसंत हवी असेल तर वांद्र्याचं शांती अवेदना सदन आहे, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटना ठेवून घेऊन सांभाळणारं, 1986 पासून, तिथे पैसे घेत नाहीत. नवऱ्यासाठी टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन, 14416. चोवीस तास चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. मुलीला आजीचं एखादं काम द्या, ओठांना ओला कापूस लावायचं किंवा पेपर वाचून दाखवायचं.

धागाकर्ती

सदाफुली, खूप आभार. पोट साफ होण्याचं औषध दिलेलं आहे, पण "आधीच खात नाही, वर जुलाब कशाला" म्हणून बाबांनी बंद केलंय, हे आत्ता विचारल्यावर कळलं. सकाळी डॉक्टरांना फोन करते. बैठकीचं दिरांना मेसेज करून कळवलंय, अजून उत्तर नाही. आणखी एक विचारायचंय: आई पलंगावरून हलू शकत नाहीत, तर बैठकीला त्यांना न नेता आधी आम्हीच गेलो तर चालतं का? की डॉक्टर घरी येऊन त्यांच्याशी बोलू शकतात? कोणी असं केलं असेल तर सांगा.