अमेरिका संपली म्हणणाऱ्यांना

करडई:
काल इथे एकाने लिहिलं, "अमेरिका संपली, डॉलर आता चार दिवसांचा पाहुणा." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. मध्यवर्ती बँकांच्या परकीय चलनाच्या गंगाजळीत डॉलरचा वाटा १९९९ मध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास होता, आज साठच्या जरा खाली आहे. पंचवीस वर्षांत एवढीच घसरण! २०२२ मध्ये रशियाचे सुमारे ३०० अब्ज डॉलर गोठवले गेले. त्यातले बरेचसे युरोपात होते हे खरं, पण पुढाकार कुणाचा होता? ताकद आहे तिथेच आहे. पूर्वी अमेरिका देऊन माणसं बांधायची, आता अडवून वाकवते. बदल एवढाच.

सोलापूरकर:
गंगाजळी राहू द्या. माझ्या मेव्हण्याचा टॉवेलचा कारखाना आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत आपल्या मालावर ५० टक्के आयातशुल्क लागलं आणि बांधून तयार असलेला माल गोदामात पडून राहिला. दिवाळीत कामगारांसमोर उभं राहायची त्याला लाज वाटत होती. तो आता युरोपातली गिऱ्हाइकं शोधतोय. असे हजार जण पाठ फिरवतात तेव्हा ताकदच जाते, साहेब.

बांधावरचा:
"देऊन बांधायची" म्हणे! १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सननी आपल्याला गहू महिन्याच्या हिशोबाने सोडला, कारण आपण व्हिएतनामवर बोलत होतो. आमच्या आईने रेशनच्या रांगेत ते दिवस काढलेत. आणि त्या गव्हातून आलेलं काँग्रेस गवत अजून माझ्या बांधावर आहे.

करडई:
गवताचं चुकतंय. पुण्यात ते १९५५ मध्ये दिसलं. पीएल-४८० चा, म्हणजे अमेरिकेच्या मदतीच्या गव्हाचा, करार ऑगस्ट १९५६ चा.

बांधावरचा:
करार नंतरचा असेल, गहू आधीपासून येत होता. १९५१ मध्येच त्यांनी धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं. तारखा अर्ध्या सांगू नका.

पानफुटी:
कोलकात्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ च्या यादीत ही वनस्पती आहे. सगळा दोष गव्हावर टाकता येत नाही.

बांधावरचा:
यादीतल्या रोपाने शेतं खाल्ली नाहीत. माझ्या वडिलांचे हात या गवताने कोपरापर्यंत सोलवटून निघायचे, रात्रभर झोप नसायची. तुम्ही कधी खुरपणी केली आहे का?

पानफुटी:
केली आहे. म्हणून माझं म्हणणं चुकीचं ठरत नाही, आणि आवाज चढवल्याने तुमचं बरोबर ठरत नाही.

सोलापूरकर:
अहो, गवत पुरे! करडई, सुएझ विसरलात का? १९५६ मध्ये ब्रिटनने सुएझ कालव्यासाठी इजिप्तवर हल्ला केला, तेव्हा पौंड घसरत असताना अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवरनी ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचा पैसा मिळू दिला नाही. सख्ख्या मित्राला अडवलं. मग अडवणं नवीन कसं?

करडई:
बरं, अडवणं जुनं आहे, तेवढं मागे घेतो. पण सुएझमधून सैन्य मागे घ्यायचं कबूल केल्यावर ब्रिटनला पैसा मिळाला. तेव्हा अट कळायची, पाळली की सुटका व्हायची. आज सवलत मिळाली तरी पुढच्या महिन्यात ती टिकेल का, हे तुमच्या मेव्हण्याला कुणी सांगू शकतं का?

सोलापूरकर:
नाही. म्हणूनच तो युरोपात गिऱ्हाईक शोधतोय.