फीचर फ्लॅगला 'कुठल्या आवृत्तीत जाणार' ही अट सक्तीची असावी का?

जुना_बिल्ड:
आमच्या टीममध्ये यावरून जुंपली आहे, म्हणून धागा. फीचर फ्लॅग म्हणजे कोडातलं एखादं फीचर चालू-बंद करायचं बटण. मी पायथनमध्ये शंभरेक ओळींची लायब्ररी सुचवली. फ्लॅग नोंदवताना नाव, मालक, कुठल्या आवृत्तीत आला आणि कुठल्या आवृत्तीत जाणार, हे सगळं द्यायचंच. जाण्याची आवृत्ती आली आणि फ्लॅग कोडात तसाच असला, तर बिल्ड (कोडातून प्रोग्राम तयार करण्याची पायरी) फेल.
यात नवं काही नाही. पायथनच्या फ्यूचर मॉड्यूलमध्ये प्रत्येक सुविधेपुढे 'ऐच्छिक कधीपासून, सक्तीची कधीपासून' हे लिहिलेलं असतं. भागाकाराचा नवा नियम २.२ मध्ये ऐच्छिक होता, ३.० मध्ये सक्तीचा झाला. क्रोमियममध्येही (क्रोम ब्राउझरचा खुला कोड) प्रत्येक फ्लॅगला मालक आणि मुदतीचा माइलस्टोन, म्हणजे आवृत्ती, द्यावा लागतो. मग आपल्यालाच का जड जातंय?

सर्व्हरवाला:
मुदतीला हरकत नाही, लायब्ररीला आहे. रात्री अकराला पेमेंट अडकलं की रिलीज न करता फीचर बंद करता यावं, यासाठी फ्लॅग असतो. तुमचा कोडातच कोरलेला. मोबाइल अ‍ॅप असेल तर स्टोअरचा रिव्ह्यू, आणि पुढे लोक अपडेट करतील तेव्हा खरं. फ्लॅग सांभाळणारं अनलीश हे तयार सॉफ्टवेअर स्वतःच्या सर्व्हरवर चालवता येतं, फ्लॅग वाचण्यासाठी ओपनफीचर हे खुलं मानक आहे. तयार पीठ मिळत असताना जातं कशाला ओढताय?

जुना_बिल्ड:
चालू की बंद, हे कुठूनही वाचा, अगदी अनलीशमधूनही. कोडात राहणार ती फक्त मुदत. फ्लॅग डॅशबोर्डवरून उडवला तरी कोडातला इफ-एल्स कोण काढणार? तो तिथेच कुजतो.

अर्धविराम:
दोघंही मुद्द्याला बगल देताय. दोन वेगळ्या आवृत्त्यांचा कोड एकच फ्लॅग वाचतो, दुखणं ते आहे.
नाईट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर ट्रेडिंग कंपनी आठवा, १ ऑगस्ट २०१२. नव्या ऑर्डर प्रकारासाठी जुनाच फ्लॅग पुन्हा वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड गेलाच नाही. तिथे त्या फ्लॅगचा अर्थ अजून 'पॉवर पेग चालू कर' असाच होता, आणि ते फीचर २००३ पासून वापरात नव्हतं. पाऊण तासात ४० कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं.
आता सांगा, यातलं काय तुमच्या लायब्ररीने अडवलं असतं? आणि तुमच्या अनलीशने तरी?

जुना_बिल्ड:
२००३ नंतर मुदत लागली असती तर पॉवर पेग २०१२ पर्यंत कोडात उरलाच नसता. शिवाय गेलेल्या फ्लॅगची नावं एका यादीत ठेवायची, तेच नाव पुन्हा नोंदवलं की एरर. दहा ओळींचं काम.

सर्व्हरवाला:
हे मान्य. पण एक सर्व्हर मागे राहिला, हे तुमच्या बिल्डला कळणार कसं? माझ्याकडे प्रत्येक विचारणीसोबत अ‍ॅपची आवृत्ती पाठवता येते. ५.२ च्या खालच्यांना फ्लॅग मिळतच नाही.

क्यूए_ताई:
दादा, ती तुलना तपासून घ्या आधी. आवृत्ती स्ट्रिंग म्हणून तोलली की ३.१० ही ३.९ पेक्षा लहान ठरते, आणि सगळ्यात नव्या अ‍ॅपलाच फीचर मिळत नाही. ३.९ पर्यंत सगळं हिरवं दिसतं, म्हणून ते कोणाच्या लक्षातही येत नाही.
आणि जुना_बिल्ड, तुमच्याच उदाहरणाची दुसरी बाजू बघा. त्याच फ्यूचर मॉड्यूलमधलं अ‍ॅनोटेशन्स (कोडात टाइप लिहिण्याच्या नोंदींचा नवा नियम) ३.७ मध्ये ऐच्छिक आलं, ३.१० मध्ये सक्तीचं होणार होतं. ऐनवेळी पुढे ढकललं, आणि शेवटी ३.१४ मध्ये वेगळीच पद्धत आली. भाषा बनवणाऱ्यांनाच तारीख पाळता येत नाही, तिथे आपण बिल्ड मोडायचा?
मुदत तरीही हवीच, कारण दहा फ्लॅग म्हणजे कागदावर १,०२४ कॉम्बिनेशन्स, आणि ती तपासायला शेवटी आम्हीच. पण आवृत्तीचा आकडा वाढवतो एक जण आणि फ्लॅग असतो दुसऱ्याचा. रिलीजच्या दिवशी त्या बिचाऱ्याने मुदत एक आवृत्ती पुढे ढकलली की झालं. जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कसारखं करा, 'अमुक आवृत्तीत जाणार' ही वॉर्निंग आधीपासून द्या.

जुना_बिल्ड:
वॉर्निंग वाचतं कोण, ताई? आमच्या लॉगमध्ये त्यांचा खच पडलाय. एक आवृत्ती आधी वॉर्निंग ठेवतो, पण त्यानंतर बिल्ड मोडणारच. मुदत वाढवायची तर मालकाच्या अ‍ॅप्रूव्हलशिवाय मर्ज नाही.

अर्धविराम:
आणि मालक कंपनी सोडून गेला असेल तर?