मदत हवी आहे: चोरल नदीत महाशीर सोडावेत का?

रामबागकर

नमस्कार मंडळी,

इंदूरहून लिहितेय. आमचा एक छोटा गट आहे. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर इथली मंडळी, बहुतेक मराठी, दोन-तीन कुटुंबं हिंदीभाषक. रविवारी सकाळी गाड्या काढून चोरल नदीकडे जातो, कधी पाताळपाणी-कालाकुंडच्या बाजूला, कधी खाली चोरल गावाकडे. काठावरचं प्लास्टिक उचलतो, मुलांना पक्षी दाखवतो, कालाकुंडला कलाकंद खातो आणि परत येतो. खरं सांगायचं तर कलाकंदाला गर्दी जास्त, पिशव्या उचलायला कमी.

माझी भाची मिशिगनला असते. तिथे ऑ सेबल नावाची नदी आहे, तिच्या काठी १९५९ साली ट्राउट अनलिमिटेड ही संस्था सुरू झाली. भाची तिच्या स्थानिक शाखेत जाते. ही सगळी गळ टाकणारी माणसं, पण वर्षभर नदीचंच काम करतात. हिवाळ्यात एकत्र बसून पिसं आणि दोरा गुंडाळून गळासाठी खोटे किडे बांधतात. शरद ऋतूत काठाकाठानं चालत ट्राउटच्या (हा थंड पाण्यातला मासा) माद्यांनी खडीत केलेले खळगे मोजतात. मादी शेपटीनं खडी उकरून त्यात अंडी घालते, म्हणून खळगे मोजले की यंदा किती माद्या आल्या याचा अंदाज येतो. काठावर झाडं लावतात, कारण पाणी २० अंशांच्या वर गेलं की ट्राउट बेजार होतो. तेव्हा ही मंडळी स्वतःहून गळ टाकणं थांबवतात! शाळांना ट्राउटची अंडी देतात, मुलं वर्गात थंड पाण्याच्या टाकीत पिल्लं वाढवतात आणि ठरवून दिलेल्या ओढ्यात नेऊन सोडतात.

हे सगळं मी गटात सांगितलं आणि तिथेच भांडण सुरू झालं. आमच्यातल्या एका काकांनी शाळेची गोष्ट उचलून धरली. म्हणाले, आपणही मासे सोडू, ट्राउट नाही तर महाशीर, तो मध्य प्रदेशचा राज्य मासा आहेच. एका सदस्यानं देणगी कबूल केली. एक पुरवठादार महाशीरची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) आणून द्यायला तयार आहे. एका शाळेनं टाकीची चौकशीही केली. दुसऱ्या बाजूला आमच्यातलेच दोघे म्हणताहेत की आधी नदीत काय आहे ते तर बघा.

मला जाणकारांकडून हवंय ते असं: बोटुकली सोडावीत का? नसतील सोडायची, तर ट्राउटवाल्यांच्या कामांतलं इथे खरोखर काय करता येईल? आणि हो, देणगीदाराला काय सांगायचं? या पावसाळ्याआधी ठरवायचं आहे.

माळव्यातला_मुंगळा

इंदुरात ट्राउट? मे महिन्यात नदीतून थेट शिजलेलाच मिळेल, वर शेव-कांदा घाला. (गंमत केली, ताई. धागा वाचतोय.)

थंड_पाणी

गमतीतही मुद्दा आहेच. थंड पाण्यात प्राणवायू जास्त विरघळतो. १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. ट्राउटला यातला वरचा आकडा लागतो, म्हणून भारतात तो काश्मीर, कुलू, निलगिरी, मुन्नार अशा ठिकाणीच टिकला. आणि तिथेही तो मूळचा नव्हे. काश्मीरला तपकिरी ट्राउट १९०० च्या सुमारास ब्रिटिशांनी अंड्यांतून आणला, निलगिरीतही त्यांनीच. मी हिमाचलात तीर्थन खोऱ्यात गळ घेऊन बसलोय, मजा येते, खोटं कशाला बोलू. पण परक्या नदीत मासा सोडून तो टिकला, याला संवर्धन म्हणत नाहीत. मिशिगनमध्येही तपकिरी ट्राउट युरोपातूनच आलेला आहे. तुमच्या काकांना हे आधी सांगा.

वळवणचा_भाचा

रामबागकर, माझं काम मत्स्यपालनाशी संबंधित आहे म्हणून जरा लांब लिहितो.

लोणावळ्याला टाटा पॉवरचं महाशीर केंद्र १९७० च्या दशकापासून चालतंय, हे बऱ्याच मराठी लोकांना माहीत असतं आणि त्याचा अभिमानही असतो. तिथून निळ्या परांच्या महाशीरची बोटुकली देशात अनेक नद्यांना गेली, कावेरीलाही गेली. हेतू अगदी चांगला होता. पण कावेरीत स्वतःचा वेगळा महाशीर होता, नारिंगी परांचा, कुबड असलेला, जगात फक्त त्याच खोऱ्यात सापडणारा. निळ्या परांचा पाहुणा वाढत गेला आणि घरचा कमी होत गेला. त्याला वाळूउपसा, धरणं, सुरुंग लावून मासे मारणं ही कारणंही आहेतच, सगळं खापर पाहुण्यावर फोडू नये. तरी २०१८ साली त्या कुबडवाल्याची शास्त्रीय ओळख नक्की झाली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त यादीत गेला. आता विचार करा, मासा नीट ओळखायच्या आधीच त्याच्या नदीत दुसरा सोडून झाला होता.

तुमच्याकडे नर्मदेचा महाशीर वेगळा, तिकडे बाडस म्हणतात तो. पुरवठादार जी बोटुकली आणेल ती कुठल्या महाशीरची असतील? बोटाएवढं पिल्लू पाहून तुम्ही ओळखू शकणार नाही. पिशवीत बाडस असेल, लोणावळ्याचा असेल, रोहूही असेल. त्यात थाई मांगूर किंवा तिलापिया या परदेशी माशांची चार पिल्लं आली तर निस्तरणं कुणाच्याही हातात नाही. थाई मांगूर पाळायला देशात बंदी आहे, तरी बाजारात दिसतो.

दुसरं, तुम्ही पाताळपाणीचं नाव घेतलंत. तो धबधबा चढून नर्मदेचा मासा वर गेला असेल असं मला वाटत नाही. खाली चोरल धरण आहे, तेही आडवंच. म्हणजे तुमचा गट जिथे जातो तिथे महाशीर कधी होता का, हाच पहिला प्रश्न. धबधब्याच्या वर सोडलेला महाशीर म्हणजे पाहुणाच.

रामबागकर

वळवणचा_भाचा, हे कावेरीचं मला अजिबात माहीत नव्हतं. काकांना तुमचा प्रतिसाद पाठवलाय. त्यांचं उत्तर आलं: "मग शाळेच्या मुलांना काय दाखवायचं, पाणी?"

नर्मदाकाठ

मी बडवाहचा. चोरल आमच्याकडे येऊन नर्मदेला मिळते. तुम्ही वरच्या टोकाला पिशव्या उचलता, खालच्या टोकाची हकीकत ऐका.

पूर्वी पावसाळ्यात बाडस नर्मदेतून चोरलसारख्या उपनद्यांमध्ये वर चढायचा, खडी आणि वाहतं पाणी बघून अंडी घालायचा. इथले केवट-कहार, म्हणजे नावाडी आणि मासेमार, सांगतात. ट्राउटसारखे त्याचे खळगे मोजता येणार नाहीत, कारण त्या वेळी पाणी चहासारखं गढूळ असतं आणि काठावर उभं राहणंही धोक्याचं. पाताळपाणीला २०११ मध्ये अचानक आलेल्या लोंढ्यात माणसं वाहून गेली, ते इंदूरकरांना सांगायला नको. पावसाळ्यात मुलांना घेऊन पात्रात उतरू नका, एवढं हात जोडून सांगतो.

खरी मोजणी उन्हाळ्यात होते. मार्चनंतर वाहणं थांबतं, नदीचे डोह उरतात. सगळे मासे, कासवं, बेडूक त्याच डोहात कोंबलेले. एखाद्या शेतकऱ्यानं डोहात मोटर टाकली आणि आठवडाभर ओलित केलं की डोह संपला. कुणी ब्लीचिंग पावडर टाकतं, कुणी सुरुंग. एका रात्रीत सगळा डोह पांढऱ्या पोटांनी भरतो. तुम्ही हजार बोटुकली सोडलीत आणि ती अशा डोहात अडकली तर काय उपयोग?

ट्राउटवाले नदी थंड ठेवायला झाडं लावतात ना? तुमचं तेच काम म्हणजे डोह राखणं. कुठल्या वाकणावर मेपर्यंत पाणी राहतं, किती खोल, कुणाची मोटर आहे, याचा नकाशा करा. शेतकऱ्यांशी भांडू नका, तेही पोटासाठी करतात. दोन डोह तरी सोडा एवढं म्हणा. चार जणांनी सातत्यानं जाऊन बसलं तर ऐकतात.

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नद्यांत मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. ही तारीख गावागावांत माहीत नसते. एखादा फलक लावला तरी बोटुकल्यांच्या पिशवीपेक्षा जास्त मासे वाचतील. आणि बडवाह वनविभागात बाडसच्या प्रजननाचे प्रयत्न झाले आहेत. काही सोडायचंच असेल तर आधी इकडे या, वनविभाग आणि मत्स्योद्योग विभाग यांना विचारल्याशिवाय पिशवी फोडू नका.

गाळणीबाई

काकांना सांगा, हो, पाणीच दाखवायचं! मी इंदुरातच सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. ट्राउटची टाकी चालवायला पाणी सतत थंड करणारं यंत्र लागतं, शाळेच्या विजेचं बिल बघून मुख्याध्यापक फेफरं येऊन पडतील. महाशीरची टाकी केली तरी मुलं पिल्लांची नावं ठेवतील, सुट्टीत कोण खायला घालणार यावरून भांडतील आणि शेवटी पिल्लं मरतील.

त्याऐवजी नदीवर या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम काळ. लागतं काय, तर पांढरा प्लास्टिकचा ट्रे, चहाची मोठी गाळणी, भिंग आणि रंगाचा मऊ ब्रश. खळाळत्या उथळ पाण्यात जायचं, मुलांसाठी गुडघ्याच्या खालीच, मुठीएवढा एकेक दगड उचलायचा, खालची बाजू ट्रेत ब्रशनं झाडायची. ट्रेत हलायला लागलं की मुलं ओरडतात बघा. तीन शेपट्यांच्या सपाट अळ्या बहुतेक मेफ्लायच्या. वाळू आणि काड्यांचं नळीसारखं घर अंगावर घेऊन फिरणाऱ्या अळ्या कॅडिसफ्लायच्या. या दोन्ही दिसल्या की पाण्यात प्राणवायू बरा आहे असं समजा. नुसते लाल किडे आणि गोगलगाई असतील तर वर कुठेतरी सांडपाणी येतंय. मोजून झालं की ट्रे त्याच जागी हळू पाण्यात रिकामा करायचा, दगड होता तसा पालथा ठेवायचा. भाचीचे ट्राउटवाले गळासाठी जे खोटे किडे बांधतात, ते याच अळ्यांचे आणि त्यांच्या उडणाऱ्या रूपाचे असतात. म्हणजे तेही मुलांना करून दाखवता येईल, गळ न लावता. माझे विद्यार्थी पिसं गोळा करायला एका पायावर तयार होतील.

आणि त्याच मुलांना दुसऱ्या दिवशी शहरातल्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी (जुन्या समाध्यांपाशी) कान्ह नदी दाखवा, काठावरूनच. फरक सांगावा लागत नाही.

माळव्यातला_मुंगळा

गाळणीबाईंना +१. पण एक व्यावहारिक गोष्ट. देणगीदाराला फोटो हवा असतो. बोटुकली सोडताना ओंजळीतून पाणी पडतानाचा फोटो छान येतो. दगड झाडतानाचा फोटो कोण छापणार? तुम्ही सगळे बरोबर बोलताय, पण पैसे फोटोला मिळतात.

थंड_पाणी

मुंगळेसाहेब, खरंय. म्हणून फलकावर देणगीदाराचं नाव घाला. बंद ऋतूचा फलक, खाली "यांच्या सौजन्याने". पिशवीतला मासा तासाभरात दिसेनासा होतो, फलक पाच वर्षं उभा राहतो.

झाडांबद्दल: ट्राउटवाल्यांकडचा विलो इथे शोधत बसू नका. त्याचा देशी भाऊबंद वाळुंज आपल्याकडे नदीकाठी येतो, फांदी खोचली तरी धरतो. शिवाय अर्जुन, जांभूळ, करंज, उंबर. मात्र पुराची रेषा बघून लावा. पुरात झुडपांवर अडकलेला कचरा दिसतो ना, ती रेषा. वाळुंज तिच्या खाली चालेल, रोपवाटिकेतली रोपं तिच्या वर. उत्साहानं पात्रातच खड्डे खणणारे गट मी पाहिलेत, पहिल्या पुरात झाडंही गेली आणि ट्री गार्डही.

रामबागकर

सगळ्यांचे आभार. काल रामबागेत बैठक झाली. चहा दोनदा झाला, आवाज तीनदा चढले. बोटुकलीचा बेत बाजूला ठेवलाय. काका अजून नाराज आहेत, पण बडवाहला यायला तयार झालेत, नर्मदाकाठ, तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. गाळणीबाई, तुमच्या वर्गाला सोबत घेऊन एक रविवार ठरवू या, जागा धबधब्यापासून लांब, कालाकुंडच्या पुढची सपाट पात्राची. देणगीदाराशी फलकाबद्दल बोलणं व्हायचं आहे.

आता एकच बारीक प्रश्न. डोहांचं तापमान नोंदवायचं ठरलंय. साधा थर्मामीटर चालेल का? वर एक आणि तळाशी एक असं घ्यावं लागेल ना? तळाचं कसं घेतात?

वळवणचा_भाचा

साधा स्पिरिटचा, लाल रेषेचा थर्मामीटर घ्या, पाऱ्याचा नको, फुटला तर पारा डोहात. तळाचं तापमान मोजायला काचेची बाटली घ्या. तळाला वजन बांधा, बुचाला वेगळी दोरी आणि बाटलीला वेगळी. बुच लावून खाली सोडा, तळाला टेकली की बुचाची दोरी हिसडून ओढा, बाटली भरू द्या, मग भराभर वर घेऊन लगेच आत थर्मामीटर घाला. बाटली वर येईपर्यंत थोडा फरक पडतो, पण दर वेळी तसंच केलंत तर तुलना चालते. दुपारी दोन-तीनच्या सुमारास घ्या, आणि वेळ दर वेळी तीच ठेवा. जमलं तर पहाटेचंही एकदा घ्या, कारण डोहातला प्राणवायू पहाटे सगळ्यात कमी असतो, मासे वर येऊन तोंडं उघडताना दिसले तर तेही वहीत लिहा.

नर्मदाकाठ

व्यनि मिळाला. येताना काकांना घेऊनच या, पण सोमवती अमावस्या टाळून. त्या दिवशी घाटावर पाय ठेवायला जागा नसते.