कापडाचा कचरा: पुनर्चक्रण आधी, की उत्पादनाला आळा आधी?

मूळ मत
कापडाचा कचरा घटवायचा असेल तर कपडे मुळात कमी तयार झाले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. कपड्यांसाठी लागणाऱ्या मालापैकी एक टक्क्याहूनही कमी माल पुन्हा नव्या कपड्यांत येतो, असा एलन मॅकआर्थर फाउंडेशन या वस्तूंच्या पुनर्वापरासाठी काम करणाऱ्या संस्थेचा २०१७ मधील अंदाज होता. याचे कारण कपड्याच्या घडणीतच आहे. ताणली जाणारी एखादी जीन्स पाहा: सुती कापडात थोडे इलास्टेन (रबरासारखा ताणला जाणारा कृत्रिम धागा), शिवणीचा दोरा पॉलिस्टरचा, शिवाय धातूची चेन, बटणे आणि कमरेवर रेक्झिनची पट्टी. हे सारे उसवून कापड यंत्रात पिंजले, तरी तंतू तुटून आखूड होतात आणि नुसत्या आखूड तंतूंचे बारीक, मजबूत सूत निघत नाही. मग त्यात नवा कापूस मिसळावा लागतो, नाहीतर तो माल गाद्यांच्या भरणात आणि पुसण्यांत जातो. पुनर्चक्रणासाठी जुने कपडे जमा करण्याची पेटी दिसली की मात्र आपण निश्चिंत मनाने आणखी खरेदी करतो.

प्रतिसाद १ (असहमत)
आपण दोष चुकीच्या जागी ठेवत आहात. इंग्लंडमधील बॅटली येथे बेंजामिन लॉ यांनी १८१३ च्या सुमारास जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून ‘शॉडी’ कापड विणायला सुरुवात केली आणि त्यावर पुढे मोठा उद्योग उभा राहिला. नवी लोकर मिसळावी लागली म्हणून तो प्रयोग कोणी फसला म्हणत नाही. खरी अडचण मिश्र धाग्यांची आहे आणि ती कपडा आखतानाच टाळता येते. शिवाय आज जे ढीग साचले आहेत, ते उद्याचे उत्पादन घटवून नाहीसे होणार नाहीत. युरोपीय संघात १ जानेवारी २०२५ पासून कापडाचा कचरा वेगळा गोळा करणे बंधनकारक झाले आहे. वर्गवारी केलेला माल सातत्याने मिळाल्याशिवाय पुनर्चक्रणाच्या कारखान्यात कोण पैसा घालणार?

मूळ लेखकाचे उत्तर
माल मिळाला आणि तंत्रही साधले, तरी गिऱ्हाईक लागते. सुती कचऱ्यापासून नव्या तंतूंसाठी लगदा बनवणाऱ्या रिन्यूसेल या स्वीडिश कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, कारण तिच्या लगद्याला पुरेशी मागणीच आली नाही. नवे पॉलिस्टर स्वस्त मिळत असताना महाग पुनर्चक्रित धागा कोणी आपखुशीने घेत नाही. गोळा केलेला माल दूरदेशी पाठवला जातो तो वेगळाच. चिलीच्या अटाकामा वाळवंटात टाकून दिलेल्या कपड्यांचे ढीग जगाने पाहिले आहेत.

प्रतिसाद २ (दोघांशी अंशतः असहमत)
उत्पादन घटवा असे म्हणताना, नगावर मजुरी घेऊन शिवणाऱ्या बायकांचे काय होईल, याचा विचार या चर्चेत अद्याप आलेला नाही आणि ते मला खटकते.

प्रतिसाद १ चे पुन्हा उत्तर
हा आक्षेप रास्त आहे. पण वर्गवारी, उसवणे आणि दुरुस्ती ही कामेसुद्धा हातांचीच आहेत. फ्रान्समध्ये २०२३ पासून कपडे दुरुस्त करून घेणाऱ्याला खर्चात सवलत मिळते आणि तिचा निधी कपडे बाजारात आणणाऱ्या कंपन्यांच्या वर्गणीतून येतो. मूळ लेखकांना सांगायचे तर, मागणीबाबतचा आपला मुद्दा मी मान्य करतो, परंतु त्यावर उपाय म्हणून नव्या कपड्यात पुनर्चक्रित धाग्याचे किमान प्रमाण कायद्याने ठरवावे, असे मी म्हणेन. ते प्रमाण ठरले, तरीही आपला पुनर्चक्रणाला विरोध राहील का?